बेडूक तोंड केव्हा उघडतो? आधी जिभेची खबर मेंदूला पोचावी लागते!

पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपणारा बेडूक बेळगाव असो की वडोदरा, सगळ्यांनी पाहिलेला असतो. जीभ बाहेर पडून किडा आत येईपर्यंत आपली पापणीही लवत नाही. एवढ्या घाईत जीभ आणि जबडा यांचा मेळ बसतो कसा?

डोळ्यांचं काम
बेडकाला मुख्यतः हलणारी वस्तू भक्ष्य वाटते. निपचित पडलेल्या माश्यांच्या ढिगात बसूनही तो उपाशी राहू शकतो. हलणाऱ्या किड्याची खबर डोळ्यांकडून मध्यमेंदूत जाते आणि तिथून मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूच्या खालच्या बुंध्याला, हुकूम सुटतो. जीभ आणि जबड्याचे स्नायू हाच बुंधा चालवतो.

जिभेचा निरोप
जिभेच्या मज्जातंतूत स्नायू हलवणाऱ्या तंतूंबरोबर संवेदना नेणारे तंतूही असतात. अमेरिकेत किसा निशिकावा आणि सहकाऱ्यांनी हे संवेदना नेणारे तंतू कापून पाहिले. १९९२ च्या प्रयोगात केन टोड जातीचा भेक भक्ष्यावर झेपावला, पण तोंड उघडेचना! तोंड उघडणारे आणि मिटणारे स्नायू एकाच वेळी ताणले जात होते. एरवी जिभेकडून निरोप आला, की मस्तिष्कस्तंभ मिटणाऱ्या स्नायूंना ढिलं सोडतो आणि जबडा उघडतो.

भक्ष्य मोठं, तर पद्धत वेगळी
लेपर्ड फ्रॉग हा अमेरिकी बेडूक छोटी अळी जिभेने टिपतो, मोठं गांडूळ मात्र थेट जबड्यात धरतो. १९९३ च्या प्रयोगात तंतू कापल्यावर अळीसमोर त्याचं तोंड मिटलेलंच राहिलं, गांडुळासमोर मात्र उघडलं. म्हणजे कोणत्या भक्ष्यासाठी जिभेच्या निरोपाची वाट पाहायची, हे डोळ्यांनी पाहिलेल्यावर ठरतं.

गिळताना डोळे का मिटतो?
गिळताना बेडकाचे डोळे खाली दबून घास घशाकडे ढकलतात. २००४ च्या एका अभ्यासात डोळे आत ओढणाऱ्या स्नायूंचे मज्जातंतू कापले, तेव्हा एक घास गिळायला ७४ टक्के जास्त वेळा प्रयत्न करावा लागला. डोळ्यांशिवायही काम होतं, पण कष्टाने.

आपल्याकडचा बेडूक
पहिल्या पावसात गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून पकडला जातो तो मोठा बेडूकही शेतातले किडे खाऊन जगतो. भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा बेडूक पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. तेव्हा यंदा दिसला, तर त्याला त्याचे किडे टिपू द्या.