रीफ टँकमधील मऊ प्रवाळे का कोमेजतात? कारण शोधण्याचा योग्य क्रम

समुद्री मत्स्यालयाचा छंद नव्याने लागलेल्यांना बहुतेक वेळा मऊ प्रवाळेच सुचवली जातात, कारण ती चिवट असतात. त्यामुळे महिनोन्‌महिने फुललेली प्रवाळे मिटू लागली की गोंधळ उडतो. दुकानातून दोन-तीन बाटल्या आणून पाण्यात ओतल्या जातात, दिवा बदलला जातो, निम्मे पाणी काढले जाते. हे सगळे एकाच आठवड्यात केले, तर मूळ कारण सापडत नाही आणि आधीच थकलेल्या प्रवाळांवर नवा ताण येतो.

मऊ प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हा प्राणी आहे. कठीण प्रवाळे चुनखडीचा भक्कम सांगाडा बांधतात. मऊ प्रवाळांच्या अंगात फक्त चुनखडीचे सूक्ष्म काटे असतात आणि त्यांचा आकार मुख्यतः आत भरलेल्या पाण्यामुळे टिकतो. म्हणूनच बिघाड झाला की ती आधी आक्रसतात. छत्रीच्या आकाराचे सार्कोफायटन, बोटांसारखे सिन्युलेरिया आणि पॉलिपांची उघडझाप करणारे झेनिया ही घरच्या टाकीतली नेहमीची नावे. झोअँथिड आणि मशरूम शास्त्रीयदृष्ट्या वेगळ्या गटांतले असले, तरी छंदात तेही यांच्याच रांगेत बसतात. यांपैकी बहुतेकांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो.

मिटलेले प्रवाळ आजारीच असते असे नाही

सार्कोफायटन अधूनमधून कात टाकते. त्याचे पॉलिप आत जातात आणि वर चकचकीत, मेणचट थर येतो. ही अवस्था काही दिवस, कधी दोन आठवडेही टिकते. थर बोटाने खरवडू नये. पाण्याचा प्रवाह चांगला असला की तो आपोआप सुटतो.

धोक्याची लक्षणे वेगळी असतात:

- देठ लिबलिबीत होणे, त्यावर काळपट किंवा पांढुरके चट्टे पडणे
- कुजका वास येणे, ऊतक विरघळून तुकडे सुटणे
- रंग उडून प्रवाळ फिकट किंवा पांढरे पडणे

एक खूण फार उपयोगी ठरते. एकच प्रवाळ मिटले असेल, तर कारण बहुधा त्याच्या जागेत किंवा शेजाऱ्यात असते. वेगवेगळ्या जातींची प्रवाळे एकाच वेळी मिटली, तर संशय पाण्यावर घ्यावा.

पाण्याची तपासणी

सुरुवात क्षारतेपासून करावी, आणि त्याही आधी मोजणारे उपकरण तपासावे. रिफ्रॅक्टोमीटर ३५ भाग प्रति हजारच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. तोच चुकीचे दाखवत असेल, तर महिनोन्‌महिने चुकीचे पाणी बनत राहते. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी.

साधारण योग्य मर्यादा अशा:

- क्षारता: सुमारे ३५ भाग प्रति हजार (विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६)
- तापमान: २४ ते २७ अंश सेल्सिअस
- अल्कलिनिटी: ७.५ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम: ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर
- नायट्रेट: २ ते १५ मिलिग्रॅम प्रति लिटर
- फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर
- अमोनिया: शून्य

आकडा मर्यादेत असण्याइतकेच त्याचे स्थिर राहणे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान सहज ३० अंशांपलीकडे जाते. अशा वेळी पंखा किंवा चिलर लागतो. पंख्याने बाष्पीभवन वाढते, म्हणजे क्षारताही रोज पाहावी लागते.

पाण्याचा उगमही तपासावा. घरगुती आरओ यंत्राचे पाणी अनेकदा पुरेसे शुद्ध नसते, कारण चवीसाठी काही यंत्रे त्यात खनिजे ठेवतात किंवा परत मिसळतात. रीफ टँकसाठी आरओनंतर डीआयोनायझेशन झालेले, टीडीएस शून्य असलेले पाणी हवे. तांबे असलेली माशांची औषधे आणि गंजलेले लोहचुंबक किंवा क्लॅम्प प्रवाळांना घातक ठरतात.

अति स्वच्छ पाण्याचा तोटा

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणणे हे यश वाटते, पण मऊ प्रवाळांची त्यात उपासमार होते. ती फिकट पडतात, आकाराने लहान होतात. अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्सचा चिकट तपकिरी थरही माजू शकतो. उपाय सोपा आहे: माशांचे खाद्य थोडे वाढवावे आणि फॉस्फेट शोषणारे माध्यम हळूहळू कमी करावे.

प्रकाश, प्रवाह आणि शेजारी

नवा एलईडी दिवा लावल्यावर प्रवाळे मिटली, तर तीव्रता कमी करून तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. प्रकाश कमी पडला तर ती उंच ताणली जातात. प्रवाह इतका असावा की पॉलिप डुलतील, पण एकाच बाजूला दाबले जाणार नाहीत.

मऊ प्रवाळे पाण्यात टर्पेनॉइड वर्गातली रसायने सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतात. छोट्या टाकीत हे विष साचते. दोन प्रवाळांत अंतर ठेवणे आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरून तो वेळेवर बदलणे हा त्यावरचा उपाय.

सडणे सुरू झाले तर

सडलेला भाग टाकीबाहेर, धारदार ब्लेडने निरोगी ऊतकापर्यंत कापून टाकावा. उरलेले प्रवाळ आयोडीनयुक्त कोरल डिपमध्ये सूचनेनुसार बुडवून, खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवावे. नंतर १० ते २० टक्के पाणी बदलावे.

हे करताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे. काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे प्रवाळ असलेले दगड कधीही उकळू नयेत किंवा गरम पाण्याने घासू नयेत, कारण त्या वाफेने घरातल्या माणसांना विषबाधा होऊ शकते.

थोडक्यात क्रम

१. उपकरण, क्षारता आणि तापमान तपासावे.
२. गेल्या महिनाभरात काय बदलले, त्याची यादी करावी.
३. उरलेल्या चाचण्या करून आकडे तारखेसह लिहावेत.
४. ताजा कार्बन घालून थोडे पाणी बदलावे.
५. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर थांबावे.

मेलेल्या प्रवाळाच्या जागी किनाऱ्यावरून दुसरे उचलून आणण्याचा मोह टाळावा. कठीण प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. शिवाय कारण सापडले नसेल, तर नव्या प्रवाळाचीही तीच गत होते.