हरवलेल्या तासांचा हिशेब : लंडनची भुयारी रेल्वे आणि तीस वर्षांचे करार

भुयारी रेल्वेतील दहा मिनिटांच्या खोळंब्याची किंमत किती? सकाळी साडेआठला ऑक्सफर्ड सर्कसखालच्या बोगद्यात गाडी अडली आणि तेवढाच वेळ रविवारी दुपारी चेशमच्या टोकाच्या स्थानकात अडली, तर घड्याळाच्या लेखी दोन्ही सारखेच. प्रवाशांच्या लेखी मात्र नाही. या फरकाला आकड्यात बसवण्याचा मोठा प्रयत्न लंडनने केला आणि त्या आकड्यावर तीस वर्षांचे करार उभे केले. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी पार्श्वभूमी. १८६३ साली सुरू झालेली ही जगातील पहिली भुयारी रेल्वे विसाव्या शतकाच्या अखेरीस पैशाअभावी पुरती थकली होती. मजूर पक्षाच्या सरकारने तोडगा काढला : गाड्या चालवणे सरकारी ‘लंडन अंडरग्राउंड’कडे, रूळ, सिग्नल, डबे आणि स्थानके यांची देखभाल खाजगी कंपन्यांकडे. २००० साली निवडून आलेले महापौर केन लिव्हिंगस्टन यांचा याला कडाडून विरोध होता. त्यांनी वाहतूक आयुक्त म्हणून आणलेले बॉब कायली हे न्यूयॉर्कची खिळखिळी झालेली वाहतूक व्यवस्था सावरून आलेले गृहस्थ. त्यांचाही विरोधच. प्रकरण न्यायालयात गेले. २००१ मध्ये दोघे हरले. २००२ च्या अखेरीपासून एप्रिल २००३ पर्यंत करार झाले. तीन मार्ग ‘ट्यूब लाइन्स’कडे गेले, उरलेले ‘मेट्रोनेट’च्या दोन कंपन्यांकडे.

आता गाडी चालवणारा एक आणि रूळ सांभाळणारा दुसरा, तर काम चोख झाले हे ठरवायचे कसे? त्यासाठी जे मुख्य माप वापरले गेले, त्याचे नाव ‘लॉस्ट कस्टमर अवर्स’, म्हणजे प्रवाशांचे गमावलेले तास. दोन मिनिटांपेक्षा लहान खोळंबा सोडून द्यायचा. त्यापुढच्या प्रत्येक घटनेत ठिकाण, वेळ आणि कालावधी पाहून तक्त्यांवरून किती प्रवाशांचे किती तास गेले, ते काढायचे. समजा, ६,००० प्रवासी प्रत्येकी दहा मिनिटे अडकले, तर १,००० तास. साठच प्रवासी असतील, तर दहा तास. ठरलेल्या पातळीहून कमी तास गेले तर कंपनीला बक्षीस, जास्त गेले तर देयकात कपात. कपातीचा दर बक्षिसापेक्षा चढा.

माझ्या मते ही कल्पना खरोखर सुंदर होती. ती यंत्राचा नव्हे, माणसाचा वेळ मोजत होती. जोडीला आणखी मापे होती : सर्व सुरळीत असता प्रवास किती वेळात होऊ शकेल हे सांगणारे एक, आणि स्वच्छता-प्रसन्नता तपासणारे दुसरे. या दुसऱ्यासाठी गुप्त पाहणीदार साध्या प्रवाशांसारखे फिरत.

पण आकड्याला पैसा चिकटला की पहिला प्रश्न बदलतो. ‘बिघाड का झाला?’ याआधी ‘कोणाच्या खात्यावर?’ हे विचारले जाते. दरवाजा यंत्रणेच्या दोषाने अडकला तर तास कंपनीच्या नावे. प्रवाशाच्या पिशवीमुळे अडकला तर लंडन अंडरग्राउंडच्या नावे. प्रत्येक घटनेचे असे दायित्व ठरवावे लागे, आणि वाद झाला की तो सोडवण्याची वेगळी प्रक्रिया.

दुसरी अडचण अधिक खोल होती. हे माप बिघाड झाल्यानंतरच बोलते. २५ जानेवारी २००३ रोजी चान्सरी लेनजवळ सेंट्रल लाइनच्या गाडीची मोटर निखळून खाली पडली, डबे घसरले आणि ३२ जण जखमी झाले. जवळजवळ तीन महिने तो मार्ग बंद राहिला. हा मार्ग तेव्हा मेट्रोनेटकडे यायचा होता. बोल्ट सैल होत असताना गाडी वेळेवर धावतच असते. हरवलेल्या तासांच्या वहीत त्याची नोंद शून्य. शिवाय जुन्या बोगद्यांपैकी, भरावांपैकी कितीतरींची नेमकी अवस्था करारावेळी कोणालाच ठाऊक नव्हती. अशा मालमत्तेला करारात ‘करडी मालमत्ता’ म्हणत. ज्याची अवस्था माहीत नाही, त्याच्या देखभालीचा तीस वर्षांचा भाव ठरवायचा होता!

खरे पाणी मुरत होते ते खर्चात. मेट्रोनेटचे पाच भागधारक होते आणि कामे बहुतांशी त्यांनाच दिली जात. स्थानकांची नूतनीकरणे वेळापत्रकाच्या फार मागे पडली, खर्च फुगला. कंपनी म्हणे, लंडन अंडरग्राउंडच्या वाढत्या मागण्यांमुळे. लवादाला ते फारसे पटले नाही. मेट्रोनेटच्या एका कंपनीने ५५.१ कोटी पौंड जादा मागितले. १६ जुलै २००७ रोजी लवादाने तात्पुरते १२.१ कोटी देऊ केले. दोनच दिवसांत मेट्रोनेट प्रशासकाच्या हाती गेली.

कर्जाच्या ९५ टक्के रकमेला सार्वजनिक हमी होती, त्यामुळे सरकारला १७० कोटी पौंड मोजावे लागले. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये करदात्यांचे निव्वळ नुकसान १७ ते ४१ कोटी पौंडांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. २०१० मध्ये ट्यूब लाइन्सही सार्वजनिक मालकीत आली.

हरवलेले तास मात्र त्यानंतरही मोजले जात राहिले. लंडनच्या वाहतूक संस्थेने पुढेही ते आकडे प्रसिद्ध केले. फक्त आता त्यांच्यामागून तीस वर्षांच्या कराराचे देयक येत नव्हते.