सायकल, मोटार आणि सूरजागडचें लोखंड

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत सूरजागडचे डोंगर आहेत. माडिया गोंडांचा ठाकूरदेव तेथें वसतो, आणि त्याच डोंगरांच्या पोटांत लोहखनिज आहे. शहरांतल्या मोटारींचा प्रश्न या अरण्यापर्यंत कसा पोंचतो, हें सायकलीच्या इतिहासावरून आज पाहावयाचें आहे.

१८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीनें चालणारी ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली. १८८८ मध्यें डनलप यानें हवा भरलेली रबरी धांव शोधून काढली. त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचा धंदा मांडला. पुढें लोखंडी नांगरानें नांवारूपास आलेल्या या कारखानदाराचा आरंभ सायकलीपासून झाला.

प्रथम श्रीमंतांची चैन असलेलें हें वाहन कालांतरानें कारकून, शिक्षक, विद्यार्थी व कामगार यांचें झालें. पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. नंतर स्कूटरी आल्या, मोटारी आल्या. रस्ते रुंद झाले, पण ते त्यांच्यासाठीं. लोकांनीं आळसानें सायकल सोडली, असें म्हणण्याची रीत आहे. परंतु आळसाहून मोठें कारण भय हें होय.

हॉलंडांतही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनीं सायकलींस हुसकून लावलें होतें. मोटारींखालीं मुलें मरतात हें पाहून १९७० नंतर तेथील आईबापांनीं चळवळ उभारली. १९७३ च्या तेलटंचाईनें तिला जोर आला. सायकलींसाठीं निराळे मार्ग झाले, आणि सायकल परत आली. पुणें महापालिकेनेंही २०१७ सालीं सायकल आराखडा मंजूर केला. पण कागदावरच्या मार्गावरून चाक फिरत नाहीं.

आतां सूरजागडकडे वळूं. २०१६ मध्यें तेथें खाणकाम सुरू झालें आणि खनिजाचे अवजड ट्रक जंगलांतल्या रस्त्यांवरून धांवूं लागले. जानेवारी २०१९ मध्यें एटापल्ली तालुक्यांत अशाच एका ट्रकची एस. टी. बसशीं टक्कर होऊन प्रवासी प्राणांस मुकले. याच जिल्ह्यांत मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली दिल्या जातात. सायकलीनें जिची शाळा जवळ आणली, तिच्या वाटेवर हे ट्रक आले.

साध्या सायकलीचें वजन १५ ते २० किलो. लहानशा मोटारीचें सातआठशें किलोंच्या घरांत. चार किलोमीटरांवरील कचेरींत एका माणसास नेण्यासाठीं एवढें ओझें हलवावयाचें, आणि त्याचें लोखंड कोठल्या तरी डोंगरांतून खणावयाचें! आपण सायकल घेतल्यानें सूरजागडची खाण थांबणार नाहीं, हें खरें. परंतु तेथील मुलीस आणि शहरांतील गृहस्थास हवी असलेली गोष्ट एकच आहे: जिवाची भीति न बाळगतां सायकल चालवितां येईल असा रस्ता.

तो मागण्याचें बळ तिच्यापाशीं थोडें, आपणांपाशीं अधिक. पण जो सायकलीवर बसतच नाहीं, तो असा रस्ता मागेल तरी कशाला? म्हणून विनंती इतकीच, कीं पांच किलोमीटरांच्या आंतलें काम आठवड्यांतून दोन दिवस तरी सायकलीनें करावें. रस्त्यांतले खड्डे आणि धोके मग आपोआप दिसूं लागतील, आणि नगरपालिकेकडे जाण्यास निमित्त उरणार नाहीं, कारण मिळेल.