दगड, दोर आणि उचल

डोळे चोळू नका, मीठ आत जाईल. साल १९८४. पलावान बेटाच्या पश्चिमेला, प्रवाळाच्या उथळ पट्ट्यावर जहाज उभं आहे, आणि डेकवर पाय ठेवायला जागा नाही इतकी पोरं झोपली आहेत. बहुतेक सेबूच्या दक्षिण टोकाकडची. काहींना मिसरूड फुटलंय, काहींना तेही नाही. तुमच्या मांडीवर पाण्याखाली चालणारा जड कॅमेरा आहे, कारण फिलिपिन्सच्या पारंपरिक मासेमारीवर माहितीपट करायला तुम्ही इथे आलात. परंपरा किती जुनी, असं मात्र विचारू नका. मुरोआमी नावाची ही पद्धत ओकिनावाच्या मच्छीमारांनी १९३०च्या दशकात इथे आणली. जहाजावरचा म्हातारा खलाशी लहान होता तेव्हा ती नवीच होती.

उजाडलं. मुख्य तांडेल, ज्याला सगळे माएस्त्रो म्हणतात, हाक देतो आणि पोरं धडाधड पाण्यात पडतात. तुम्हीही उतरा. त्यांच्या डोळ्यांवर लाकूड कोरून काच बसवलेले चष्मे. प्रत्येकाच्या हातात एक दोर. खालच्या टोकाला दगड, आणि वरपर्यंत बांधत नेलेल्या पांढऱ्या पट्ट्या. टाकी नाही, नळी नाही, छातीत मावेल तेवढीच हवा. शंभराहून जास्त जण अर्धवर्तुळ धरून पोहत येतात आणि दोर सारखा वर-खाली करतात. दगड तळावर आपटतो, पट्ट्या लवलवतात, मासे बिचकून पुढे सरकतात. पुढे जाळ्याची मोठी पिशवी तोंड वासून बसलेली आहे.

लेन्स जवळ न्या. दगड प्रवाळाच्या फांदीवर पडतो, फांदी मोडते, पांढरा धुरळा उठतो. शॉट सुरेख आलाय, हीच पंचाईत. केंट कार्पेंटर आणि एंजल अल्काला या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच या मासेमारीच्या नफ्यातोट्याचा प्रश्न मांडला होता. प्रवाळ मोडतं ते त्यांनी मोजलं होतं. तिकडे जाळं तळाशी अडकलंय. सोडवायला दोघं खाली जातात. एक वर येतो. तुम्ही श्वास रोखता, मग दुसराही येतो, नाकातून रक्त, आणि हसतो. कॅमेरा चालू आहे ना, म्हणून हसतो.

संध्याकाळी कारकून वही उघडतो. पोरगं जहाजावर चढण्याआधीच घरी आगाऊ पैसे पोचलेले असतात, आणि हंगाम महिनोनमहिने चालतो. मधे घेतलेलं औषध, साबण, सिगारेट, सगळं वहीत चढतं. मुकादमाची उचल अंगावर घेऊन कारखान्याला निघालेल्या बीडच्या ऊसतोड कामगाराला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. वहीचा एक शॉट द्या म्हणालात, की वही मिटते. पाण्यात हवे तेवढे उतरा, पोरांची छाती मोजा, हरकत नाही.

१९८६ मध्ये मुरोआमीवर बंदी येते. १९९९ मध्ये मेरिलू दियाझ-अबाया तिच्यावर कथापट काढतात, सेझार मोंतानो त्यात जहाजाचा प्रमुख होतो, आणि मनिलाच्या महोत्सवात चित्रपट गाजतो. तुमचा कॅमेरा एव्हाना हलका झालाय. दगडांच्या जागी आता नळ्या आल्यात: ‘पा-आलिंग’. डेकवरचा गंजका कॉम्प्रेसर धडधडतो, त्याची हवा प्लॅस्टिकच्या नळीतून खाली जाते, आणि नळी दातात धरून माणूस तळाशी जातो. मासे हाकायला बुडबुड्यांचा पडदा. बीबीसीच्या २०११च्या ‘ह्यूमन प्लॅनेट’ मालिकेत जगानं हे पाहिलं आणि तोंडात बोट घातलं. नळीला पीळ बसला तर काय, घाईनं वर आलेल्याचे सांधे का आखडतात, कुणी कायमचा लंगडा का होतो, हे पडद्यावर दाखवता येतं. त्या माणसाच्या हातात शेवटी किती पडले, ते दाखवायला गेलं की गाडी अडते.

खात्री हवी असेल तर एका पहाटे मनिलाजवळच्या नावोतासच्या बंदरावर चला. ओल्या फरशीवर माशांच्या गोल टोपल्या ओळीनं मांडल्यात, वर दिवे, खाली चिखल. लिलाव सुरू आहे, पण बोली कुणी ओरडत नाही. घेणारा पुढे होतो, दलालाच्या कानाला तोंड लावतो आणि आकडा पुटपुटतो. पुढचा येतो, तोही पुटपुटतो. दलाल मनातल्या मनात सगळ्यात चढा आकडा निवडतो. तुमचा आवाजवाला लांब काठीवरचा माइक पार त्यांच्या नाकापर्यंत नेतो आणि त्याला फक्त बर्फ फोडल्याचा आवाज मिळतो. मासा पकडणाऱ्यालाही हा आकडा नंतरच कळतो.

शेवटचा मुक्काम झांबालेसमधलं मासिन्लोक, साल २०२५. समोर सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर स्कार्बरो शोल हा उथळ प्रवाळपट्टा. २०१२ पासून तिथे चीनच्या गस्ती नौका ठाण मांडून आहेत. फिलिपिनो मच्छीमारांना अडवणं बेकायदा आहे, असं हेगच्या लवादानं १२ जुलै २०१६ला सांगितलं. नौका हलल्या नाहीत. याच समुद्रातले मच्छीमार आणि नौदल यांच्यावर बेबी रूथ वियारामा यांनी केलेला ‘फूड डिलिव्हरी’ हा माहितीपट मार्चमध्ये मनिलातल्या एका महोत्सवातून काढून घेण्यात आला आणि पहिल्यांदा दाखवला गेला तो न्यूझीलंडमध्ये. तुम्हालाही तसंच काहीतरी करायचं आहे.

नाखवा उलांडीच्या मोठ्या होडीवर बर्फ चढवतोय. परत आल्यावर आधी डिझेल वजा होणार, मग बर्फ, तांदूळ, मग होडीचा वाटा; उरलं तर खलाशांचं. शोलच्या आत जाता येत नाही म्हणून तो बाहेर लांबवर फिरतो, आणि डिझेलच जास्त जळतं. तो तुमच्या पेट्यांकडे बघतो.

“बॉस, एवढ्या जागेत माझे तीन खलाशी बसतात. ते आज घरी राहणार. त्यांचा वाटा कोण देणार?”

माहितीपटात काम करणाऱ्यांना पैसे देत नसतात, तत्त्व आहे, असं तुम्ही सांगता. तो मान डोलावतो आणि तुमची एक पेटी उचलून परत धक्क्यावर ठेवतो. मग दुसरी. तिसरीला हात घालतो तेव्हा तुम्ही पाकीट काढता. निर्मात्याच्या हिशेबात ती रक्कम डिझेलखाली दाखवायचं तुमच्या मनात पक्कं झालेलं असतं.