पुणे ते जयपूर : पंधरा दिवस आणि दोन तास

जयपूर शहराच्या दक्षिण अंगाला जगतपुरा नावाची वस्ती आहे आणि तिच्या जवळच सांगानेरचा विमानतळ. पुण्याहून निघालेले विमान सुमारे दोन तासांत तेथे उतरते. आकाशात ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग असला, तरी चढण्या-उतरण्यात आणि ठरलेल्या हवाई मार्गाच्या वळणांत बराच वेळ जातो.

या दोन शहरांमधले सरळ अंतर किती? जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाने तेथे जी वेधशाळा उभारली, तिच्यातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत सत्तावीस अंशांच्या कोनात ध्रुवाकडे रोखलेली आहे. हाच जयपूरचा अक्षांश. पुण्याचा साडेअठरा. अंशामागे १११ किलोमीटर धरले, तर साडेआठ अंशांचे सुमारे ९४० होतात. जयपूर थोडे पूर्वेला आहे, तेवढे मिळविले की साडेनऊशे भरतात.

पेशवाईतही अंतर एवढेच होते. मात्र ते तोडण्यास वेळ किती लागे? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याची वार्ता सांगणारे सावकारी पत्र नानासाहेब पेशव्यांच्या हाती भेलशाजवळ २४ तारखेस पडले. सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरला दहा दिवस! याच हिशेबाने जयपूरची बातमी पुण्यास येण्यास पंधरा दिवस, आणि उत्तर परत जाण्यास आणखी पंधरा.

हा महिना किती महाग पडू शकतो, हे जयपुरातच दिसते. डिसेंबर १७५० मध्ये थकलेल्या खंडणीच्या वसुलीसाठी मल्हारराव होळकर चालून येत असता राजा ईश्वरीसिंहाने आत्मघात केला. होळकरांच्या पाठबळाने माधोसिंह गादीवर आला; पैशाचा तगादा मात्र थांबला नाही. शाहू महाराजांच्या निधनानंतर पेशवे दक्षिणेतील राजकारणात गुंतलेले होते. तगादा आवरा, असे त्यांना कळवावेसे वाटले असते, तरी ते पत्र वेळेवर पोचणे कठीणच होते. कारण जेमतेम महिनाभरात, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात गेलेल्या हजारो मराठ्यांची तेथील लोकांनी कत्तल केली. नव्या राजाशी जडलेला स्नेह तेथेच तुटला.

दोष सगळा अंतरावर टाकता येणार नाही. लोभ जागच्या माणसांचाच होता. परंतु त्या लोभाला वेळीच आवर घालील असा हात पंधरा दिवसांच्या वाटेवर होता. दूरच्या सरदारांना मुखत्यारी द्यावी लागे, ती बहुधा याच कारणाने.

म्हणून त्या काळची पत्रे वाचताना लिहिल्याच्या तारखेबरोबर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, नोंदही पाहावी. त्या दोन तारखांमधील दिवसांत पुण्याला काय ठाऊक नव्हते, हे कळल्यावाचून पुण्याच्या निर्णयांचा न्याय करता येत नाही.