रचनाबंधाची वाटचाल

हैदराबादेतील बरकतपुरा येथे भविष्यनिर्वाह निधीचे प्रादेशिक कार्यालय आहे. श्रमिकाच्या वेतनातून कापला जाणारा अंश आणि मालकाने घातलेली भर यांचा हिशेब अशा कार्यालयांतून राहतो. आता हा हिशेब संगणक करतो, असे समजून एका प्रश्नाचा विचार करावा. खात्यात रक्कम जमा झाली, ही वार्ता खातेदारास कळावयास हवी, हिशेबनिसास कळावयास हवी, व्याजाची आकारणी करणाऱ्या विभागासही कळावयास हवी. उद्या आणखी कोणास कळवावयाचे ठरले, तर मूळ व्यवस्था न मोडता ते कसे साधावे?

याचे उत्तर वृत्तपत्राच्या वर्गणीदारास सहज सुचेल. ज्याला वार्ता हवी त्याने नाव नोंदवावे. खात्याने नोंदलेल्या सर्वांस वर्दी द्यावी. वर्दी घेणारा तिचे पुढे काय करतो, याची चौकशी खात्याने करू नये. संगणकाच्या आज्ञावली रचणारे लोक या युक्तीस ‘ऑब्झर्व्हर’ म्हणतात. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या प्रश्नाच्या अशा नामांकित उत्तरास ‘डिझाइन पॅटर्न’ ही संज्ञा आहे. मराठीत तिला रचनाबंध म्हणता येईल.

ही कल्पना ज्या प्रोग्रॅमिंगमध्ये रुजली, त्याचा उगम नॉर्वेतला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी 1967 मध्ये सिम्युला ही संगणकभाषा पूर्णत्वास नेली. आज्ञावली म्हणजे आज्ञांची लांबलचक यादी नव्हे, तर स्वतःची माहिती व स्वतःची कामे जवळ बाळगणाऱ्या घटकांचा समुदाय, ही दृष्टी तीतून मिळाली. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणतात ते यालाच. परंतु रचनाबंधाचा विचार मात्र यंत्रशाळेत जन्मला नाही. त्याची एक पाळेमुळे भारतीय खेड्यात आहेत.

क्रिस्टोफर अलेक्झांडर हा गणित व वास्तुकला शिकलेला तरुण 1962 च्या सुमारास गुजरातेत राहून गेला. 1964 च्या आपल्या ग्रंथात त्याने सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याच्या 141 गरजा मांडल्या. गुरे, पाणी, शेती, जातींचे परस्परसंबंध, सारे त्यात आले. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे, हे पाहून त्यांचे गट पाडावयाचे होते आणि अशा विभागणीसाठी त्याने संगणकाचेच साहाय्य घेतले होते. पुढे 1971 च्या आवृत्तीत त्याने स्वतःच सांगितले की, गणिताची ती पद्धत गौण होय. तीतून हाती आलेल्या आकृत्या, म्हणजेच रचनाबंध, हेच खरे फलित होय. 1977 मध्ये सहकाऱ्यांसह त्याने असे 253 रचनाबंध प्रसिद्ध केले. प्रत्येकात आधी प्रश्न, मग त्यातील ओढाताण, आणि शेवटी उत्तर, असा क्रम होता.

1987 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघा अमेरिकनांनी तीच रीत आज्ञावलींस लावून पाहिली. 1994 मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांचा 23 रचनाबंधांचा ग्रंथ निघाला आणि तो जगभर अभ्यासिला जाऊ लागला.

येथेच शिकणाऱ्याची कसोटी आहे. तेवीस नावे मुखोद्गत करणे सोपे असते. मुलाखतीत ती कामासही येतात. पण प्रश्न न ओळखता उत्तर घोकणारा विद्यार्थी जेथे साधी दोन ओळींची आज्ञा पुरेल तेथेही रचनाबंधाचा डोलारा उभारतो. ऑब्झर्व्हर शिकावयाचा, तर आधी वर्दी देणारा आणि घेणारा यांची गाठ घट्ट बसल्याने होणारी अडचण अनुभवावी लागते. वृत्ते पाठ केल्याने कविता येत नाही, तसेच हे आहे.

1996 मध्ये अलेक्झांडरला आज्ञावलीकारांच्या परिषदेत पाचारण करण्यात आले. त्याने त्यांचे कौतुक केले. पण एक प्रश्नही विचारला: तुमच्या रचनाबंधांनी माणसांचे जीवन खरोखर अधिक चांगले होते काय? 2022 मध्ये तो निवर्तला. प्रश्न मात्र उरला आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यामागे एका श्रमिकाचे वार्धक्य असते. त्या खात्याची आज्ञावली रचणाऱ्याने रचनाबंधांची नावे विसरली तरी चालेल. तो श्रमिक विसरून चालणार नाही.