वॉल स्ट्रीटचे दार आणि आतली यादी

१/
न्यूयॉर्क शेअर बाजाराची सुरुवात १७९२ची. २४ दलालांनी केलेल्या एका करारातून तो आकाराला आला. त्या बाजाराच्या फ्लोअरवर पहिला कृष्णवर्णीय सदस्य उभा राहिला तो १९७० साली. म्हणजे १७८ वर्षांनी! सदस्यत्वासाठी ‘सीट’ विकत घ्यावी लागे आणि जुन्या सदस्यांची शिफारसही लागे. पैसा जमला तरी शब्द टाकणारा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न होता.

२/
ते पहिले सदस्य जोसेफ सर्ल्स. त्यापूर्वी ते न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांच्या प्रशासनात होते. पण त्यांच्या वाट्याला वर्षच वाईट आले. १९७०च्या मंदीत बाजार घसरला, कित्येक जुन्या पेढ्या बुडाल्या, आणि वर्ष सरण्याआधीच सर्ल्स यांनी फ्लोअर सोडला.

३/
१९७१ मध्ये विली डॅनियल्स आणि ट्रॅव्हर्स बेल यांची ‘डॅनियल्स अँड बेल’ ही बाजाराची सदस्य झालेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची पेढी ठरली. बेल यांची या धंद्यातली सुरुवात शिकागोत कागदपत्रे पोहोचवणाऱ्या पोऱ्याच्या कामापासून झालेली. अशा पेढ्यांना पुढे आधार मिळाला तो महापालिकांच्या रोख्यांचा. १९७३ मध्ये अटलांटाने मेनार्ड जॅक्सन यांना निवडून दिले. अशा कृष्णवर्णीय महापौरांच्या शहरांत कर्जरोख्यांचे काम देताना या पेढ्यांचाही विचार होऊ लागला. राजकीय सत्तेने उघडलेली ही वाट होती. खासगी श्रीमंतांची खाती मात्र अजून दूरच.

४/
इथे जरा थांबावे लागेल, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. दलालाचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या ग्राहकांची यादी. नवशिका उमेदवार ही यादी कुठून आणतो? काका, कॉलेजातले मित्र, वडिलांच्या क्लबातली माणसे. आता १९३०च्या दशकापासूनची अमेरिका डोळ्यांपुढे आणा. सरकारी यंत्रणेच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. तिथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले आणि घराच्या रूपाने पिढीजात संपत्ती साठण्याची सोयच उरली नाही. त्या वस्तीतला तरुण चार दशकांनी दलाल झाला, तर त्याने फोन कोणाला करायचा?

५/
याची परीक्षा पुढे न्यायालयात झाली. जॉर्ज मॅकरेनॉल्ड्स हे १९८३ पासून मेरिल लिंचच्या नॅशविल कार्यालयात दलाल होते. २००५ मध्ये त्यांनी कंपनीविरुद्ध वंशभेदाचा खटला भरला. पुढे तो सुमारे १,२०० कृष्णवर्णीय दलालांच्या वतीने चालला. तक्रारीचा रोख दोन नियमांवर होता. एक, दलालांनी आपापले गट स्वतः जमवायचे. दोन, कोणी नोकरी सोडली की त्याची खाती ज्यांची कमाई आधीच जास्त आहे त्यांच्याकडे प्राधान्याने जायची.

दोन्ही नियमांत वर्णाचा उल्लेखही नाही. पण माणसे गट जमवतात ती आपल्यासारख्यांचाच. गटाबाहेर राहिलेल्याची कमाई कमी, कमाई कमी म्हणून वाटपात खाती कमी, खाती कमी म्हणून पुढच्या वर्षीची कमाई आणखी कमी. माझ्या मते हे चक्र उघड शत्रुत्वापेक्षा अधिक घातक, कारण त्यात दोषी म्हणून बोट दाखवावे असा माणूसच सापडत नाही.

६/
आणि गंमत पाहा (गंमत तरी कसली!). खटला भरला तेव्हा मेरिल लिंचचे प्रमुख होते स्टॅनले ओनील, म्हणजे स्वतः कृष्णवर्णीय, आणि गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचे नातू. बहुतेक ग्राहक गोरे असल्याने आपली संपत्ती वेगळ्या वंशाच्या दलालाच्या हाती सोपवायला ते कचरू शकतात, हे त्यांनी साक्षीत मान्य केले होते. सर्वोच्च खुर्ची मिळाली म्हणून खालच्या उमेदवाराची यादी भरत नाही.

७/
हा खटला सामूहिक रीतीने चालवण्यास खालच्या न्यायालयाने नकार दिला होता. २०१२ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांनी तो निर्णय फिरवला. कंपनीचे नियम सर्वांना सारखे लागू असतील, तर त्यांचा परिणामही एकत्र तपासता येतो, हा त्यामागचा तर्क. पुढच्याच वर्षी मेरिल लिंचने १६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा मॅकरेनॉल्ड्स ६८ वर्षांचे होते, आणि नोकरीला अजून मेरिल लिंचमध्येच होते.